आधी पाणी कुठून येतं ते शोधा

घर बघायला जाताना ओळखीतले लोक मला बरोबर नेतात आणि तिथे पोचल्यावर त्यांना माझा थोडा वैताग येतो. ते हॉलमध्ये सोफा कुठे मावेल ते बघत असतात, मी बाथरूमच्या मागच्या भिंतीला हात लावून उभी असते. साइटवर देखरेख आणि नंतर दुरुस्तीची कामं यातच माझी नोकरी गेली. त्यात एक मत पक्कं झालं, ते अजून बदललेलं नाही. घराला जे काही होतं, त्यातलं बहुतेक पाण्यामुळे होतं. रंगाचे पोपडे, सुटलेलं प्लास्टर, फुगलेली चौकट, गंजलेली सळई, भिंतीत उतरलेला करंट, वाळवी, कशाच्याही मागे लागा, शेवटी कुठेतरी ओल सापडते. म्हणून घर घ्यायचं असो, राखायचं असो की त्यात नवीन काही करायचं असो, खिशात हात घालण्याआधी पाण्याचा माग काढा.

घेण्याआधी

घर दोनदा बघा. पहिल्यांदा सगळे बघतात तसं बघून घ्या: उजेड, वारा, खोल्या, शेजार. दुसऱ्यांदा एकट्याने किंवा एखाद्या जाणत्या माणसाला घेऊन जा, आणि जमलं तर चांगला पाऊस पडून गेल्यावर जा. कोरड्या दिवसांत प्रत्येक गच्ची चांगलीच असते.

बरोबर एक बॅटरी आणि एक नाणं पुरतं. बॅटरी भिंतीला टेकवून उजेड तिरका पाडा. समोरून गुळगुळीत दिसणारी भिंत तिरक्या उजेडात सगळं ओकते. फुगवटे, लांबी (पुट्टी) भरल्याच्या जागा, भेगांवर केलेली मलमपट्टी, सगळं वर येतं. नाण्याने बाथरूमच्या टाइल ठोकत जा. घट्ट बसलेली टाइल भरीव वाजते, सुटलेली पोकळ. सुट्या दोन-चार पोकळ निघाल्या तर चालतं. शॉवरखालची आख्खी रांग पोकळ वाजली तर टाइलमागे पाणी शिरतंय असं धरून चाला आणि तो खर्च भाव करताना मनात ठेवा.

मग बादलीभर पाणी बाथरूमच्या फरशीवर ओता आणि पाच मिनिटं नुसतं बघत राहा. पाणी आपणहून जाळीकडे गेलं पाहिजे. मीटरला एक ते दीड सेंटिमीटर उतार असला की ते जातं. कोपऱ्यात किंवा दाराच्या उंबऱ्याशी डबकं राहिलं, तर तिथे रोज डबकं राहतं असा त्याचा अर्थ. फ्लश, शॉवर आणि बेसिनचा नळ एकदम सोडून बघा. धार बारीक होते का, पाणी जाताना जाळीतून गुडगुड आवाज येतो का, सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगलाय का, हे सगळं तिथल्या तिथे कळतं.

एकाच भिंतीला ताजा रंग, एकाच भिंतीला वॉलपेपर, किंवा भिंतीला चिकटून ठेवलेलं भलंमोठं कपाट दिसलं की मला राहवत नाही. एका घरात बेडरूमच्या एकाच भिंतीला जमिनीपासून कमरेपर्यंत लाकडी पॅनेल होतं. “मुलं भिंती खराब करतात ना, म्हणून,” मालक म्हणाले. बाकीच्या तीन भिंती मुलांनी कशा सोडल्या कोण जाणे. पॅनेलच्या पलीकडे बाथरूम होतं. मी फटीशी नाक नेलं. बुरशीचा तो दमट, कुबट वास एकदा ओळखीचा झाला की पुढे काही विचारावं लागत नाही. बंद घराचं दार उघडल्यावर पहिला श्वास मुद्दाम नाकाने घ्या, पाच मिनिटांत नाक सरावतं आणि वास येईनासा होतो.

भेगांना लोक नको तिथे घाबरतात आणि हव्या तिथे घाबरत नाहीत. प्लास्टरवरच्या केसासारख्या, जाळीदार भेगा प्लास्टर वाळताना आकसल्याने पडतात, त्या रंगाच्या वेळी बुजवता येतात. बीम आणि वीटकाम जिथे भेटतं तिथली सरळ आडवी भेगही बऱ्याचदा दोन वेगळ्या वस्तू वेगवेगळ्या आकसल्यामुळे असते. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेली भेग, एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला रुंद होत गेलेली भेग मात्र वेगळी. तिची रुंदी ५ मिलिमीटरच्या पुढे असेल, किंवा शेजारचं दार चौकटीत अडकत असेल, तर पायाने जागा सोडली असण्याची शक्यता आहे. तिथे गवंड्याचं मत घेऊ नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

तसंच स्लॅबच्या खालच्या अंगाला तपकिरी रेघा किंवा सुटलेलं काँक्रीट दिसलं तर. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच) १२ ते १३ असतो आणि तो अल्कलीपणाच आतल्या सळईला गंजण्यापासून वाचवतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत तो उतरवतो, त्यात ओल मिळाली की सळई गंजायला लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटून खाली पडतं. अशा जागी वरून सिमेंट थापलं तर वर्ष-दोन वर्षांत थापलेल्यासकट खाली येतं. सळईच्या मागपर्यंत काँक्रीट फोडून, गंज घासून, सळईला संरक्षक कोट देऊन मग पॉलिमर मॉर्टर भरायचं असतं, आणि मुळात वरून येणारं पाणी त्याआधी थांबवायचं असतं.

कागदपत्रं वकिलाला दाखवा. मी त्यात पडत नाही.

ओल कुठली आहे?

आता राहत्या घराकडे. भिंतीला ओल दिसली की घरातला प्रत्येक जण डॉक्टर होतो. “वॉटरप्रूफ रंग मारू,” हा पहिला सल्ला. तो आतल्या बाजूने मारायचा नाही, का ते पुढे सांगते. आधी आजार ओळखू.

ओल चार वाटांनी येते: बाहेरून पावसाची, जमिनीतून वर चढणारी, भिंतीतल्या किंवा वरच्या मजल्यावरच्या पाइपातून, आणि खोलीतल्याच हवेतून. चौघींची वेळ वेगळी आणि आकार वेगळा, म्हणून मी प्रत्येकाला एक वही करायला सांगते. डागाच्या कडेने पेन्सिलने हलकी रेघ मारा आणि रेघेवर तारीख टाका. वहीत त्या दिवशी पाऊस होता का, बाथरूम किती वापरलं, पाणी कधी आलं, एवढंच लिहा. दोन-तीन आठवड्यांत डाग स्वतःच बोलायला लागतो.

पावसाची ओल पावसानंतर वाढते आणि उघडीप मिळाली की आकसते. पाणी येण्याच्या पाइपातली गळती ऊनपाऊस बघत नाही. तिच्यात दाब असतो, त्यामुळे डाग रात्रंदिवस सारखा ओला राहतो आणि हळूहळू पसरत जातो. सांडपाण्याच्या पाइपाची गळती वापराशी बांधलेली असते. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की डाग गडद, घर चार दिवस बंद असलं की सुकलेला. जमिनीतून चढणारी ओल फक्त तळमजल्याला, भिंतीच्या बुडाशी, आणि साधारण मीटरभर उंचीपर्यंत. तिची वरची कड बरीचशी सरळ असते आणि त्या कडेला पांढरा लोणा फुटलेला असतो. पाणी हवेत उडून जातं, त्याच्याबरोबर आलेले क्षार मागे राहतात, तोच हा लोणा. हवेतली ओल गार भिंतीवर, कोपऱ्यात, कपाटाच्या पाठीमागे जमते. तिच्यात लोणा नसतो, काळी बुरशी असते.

शेवटचे दोन प्रकार गोंधळात टाकतात. त्यासाठी स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल घ्या. वहीच्या पानाएवढा तुकडा कापा, डागाची जागा वरून कोरडी पुसून घ्या आणि फॉइलच्या चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद करून टाका. एक-दोन दिवसांनी बघा. खोलीच्या बाजूने फॉइलवर थेंब असतील तर ओल खोलीतल्या हवेची: बाथरूमला एक्झॉस्ट फॅन लावा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, कपडे खोलीत वाळत घालणं थांबवा, भिंत फोडायची गरज नाही. फॉइल काढल्यावर भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतूनच येतंय.

पाइपाचा संशय असेल तर रात्री झोपताना सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा. रात्रीत कुणी फ्लश करायचा नाही, हे घरात आधी सांगा. सकाळी आकडा पुढे गेला असेल तर कुठेतरी गळतंय. मग फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश न करता थांबा. भांड्यात रंग उतरला तर चोर तिथेच आहे आणि वॉशर बदलून प्रश्न सुटतो. नसेल तर एकेका खोलीचा कॉक बंद करत हीच तपासणी परत करा.

बाथरूमची फरशी गळते का हे बघायचं तर जाळीचं तोंड ओल्या फडक्याने घट्ट बुजवा, दोन-तीन सेंटिमीटर पाणी साठवा, भिंतीवर पातळीची खूण करा आणि २४ तास सोडा. यात लोक एक गोष्ट विसरतात. पाणी थोडं हवेतही उडतं, मग दोन मिलिमीटर कमी झालं तर ते गळालं की उडालं? म्हणून एका ताटात तितकंच पाणी भरून तिथेच बाजूला, कट्ट्यावर ठेवा. ताटातलं जेवढं उतरलं त्याहून फरशीवरचं जास्त उतरलं, तर तेवढं खाली गेलं. पातळी टिकली आणि तरीही खालच्या छताला ओल येतच असेल, तर फरशी निर्दोष. आता जाळीच्या खालचा सांधा आणि सांडपाण्याचा पाइप तपासायचा.

डाग जिथे दिसतो तिथेच भोक असेल असं समजून हातोडी चालवू नका. स्लॅबमधून उतरलेलं पाणी वायरिंगच्या पाइपातून वाट काढत भलत्याच खोलीत, पंख्याच्या हुकाशी टपकतं. दिव्याच्या किंवा पंख्याच्या पॉइंटमधून थेंब दिसला तर आधी विजेच्या बोर्डातला त्या लाइनचा खटका (एमसीबी) पाडा, बाकीचा शोध नंतर.

वही आणखी एका कामाला येते. वरच्या मजल्यावरच्यांकडे “तुमचं बाथरूम गळतंय” म्हणत गेलात की दार अर्धंच उघडतं. “काका, ही बघा, तुम्ही गावाला गेला होतात त्या आठवड्यात डाग सुकला होता,” असं तारखा दाखवून म्हणालात की बोलणं पुढे सरकतं. प्रत्येक वेळी नाही, पण बऱ्याचदा.

दुरुस्ती बाहेरून आत

पाणी जिथून आत शिरतं तिथे अडवायचं, जिथे बाहेर पडतं तिथे नाही. आतून वॉटरप्रूफ रंग मारला की पाणी भिंतीतच कोंडतं. काही दिवस भिंत छान दिसते, मग रंगाचा फुगा येतो किंवा ओल दोन हात बाजूला जाऊन फुटते. जमिनीच्या ओलीवर कमरेपर्यंत कडक सिमेंटचा गिलावा करणाऱ्यांची भिंत पुढे छातीपर्यंत ओली होते, कारण पाण्याला श्वास घ्यायची जागा तुम्हीच वर ढकललेली असते. जमिनीची ओल असेल तर आधी घराबाहेर जाऊन बघा. भिंतीत जोत्याशी ओलरोधक थर असतो, बाहेरची माती किंवा फरसबंदी त्याच्या निदान १५० मिलिमीटर खाली हवी आणि तिचा उतार घरापासून लांब जाणारा हवा. बागेसाठी भर टाकताना किंवा नवीन फरशी घालताना ही पातळी नकळत वर येते आणि मग पाणी थर ओलांडून आत शिरतं. फावडं मारून माती खाली घेतल्यावर सुकलेल्या भिंती मी पाहिल्या आहेत.

गच्चीचं पाणी मधल्या भागातून क्वचितच शिरतं. ते कठडा आणि फरशीच्या सांध्यातून, पाइप जिथे स्लॅबमधून खाली जातो त्या गळ्यातून, आणि तुंबलेल्या मोरीच्या तोंडाशी शिरतं. त्यामुळे सगळी गच्ची रंगवून काढायच्या आधी या तीन जागा धरा. भेग नुसती वरून माखायची नाही. ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी खोदून, धूळ झटकून, मग भरायची. कठड्याच्या सांध्याला काटकोन ठेवू नका, मॉर्टरने गोलाई द्या. काटकोनात कोट ताणला जाऊन फाटतो. कोट पातळ, निदान दोन, पहिला उभा तर दुसरा आडवा, आणि सांध्यांवर मध्ये जाळीचं कापड. उतार मीटरला एक सेंटिमीटर तरी असावा. उतारच नसेल तर कुठलंही महागडं रसायन डबक्याखाली फार काळ टिकत नाही. काम झालं की पाणी साठवून २४ ते ४८ तास तपासा आणि मगच मिस्त्रीचे उरलेले पैसे द्या.

खिडक्यांखालची ओल बहुतेक वेळा छोट्या गोष्टींची असते. खिडकीच्या पाटाचा उतार बाहेर हवा, चौकटीभोवतीचं सीलंट सलग हवं, आणि छज्जा व पाटाच्या खालच्या अंगाला, कडेपासून थोडं आत, एक खाच हवी. ती खाच नसली की पाणी खालच्या अंगाला धरून उलटं भिंतीकडे चालत येतं.

“टाइल न फोडता लीकेज बंद” अशा जाहिराती सगळीकडे दिसतात. सांध्यांतलं ग्राउट झिजलं असेल तर खरंच फोडायची गरज नसते. जुनं ग्राउट दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडून, वाळू देऊन, इपॉक्सी ग्राउट भरा. भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात मात्र ग्राउट नको, सिलिकॉन हवं, कारण तिथे दोन अंगं बारीक हलत असतात आणि कडक ग्राउट तडकतं. सिलिकॉन जुन्यावर नवं मारायचं नाही, ते धरत नाही. पण फरशीखालचा सांधाच निखळला असेल तर वरून कितीही रसायन ओता, फोडावंच लागतं. फोडणारच असाल तर अर्धं फोडू नका.

आणि वाळू द्या. ओल थांबल्यावर भिंत वाळायला इंचाला सुमारे महिना लागतो असा ठोकताळा आहे. जाड भिंत म्हणजे काही महिने. या काळात पोपडे खरवडून ती उघडी ठेवायची, पंखा लावायचा, पाहुण्यांसमोर लाज वाटली तरी रंगाऱ्याला बोलवायचं नाही. उडालेल्या रंगांपैकी कितीतरी रंग केवळ घाईने उडालेले असतात.

मधली किरकोळ कामं

सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीस-पंचवीस लिटर पाणी घालवतो, वॉशर बदलायला दहा मिनिटं लागतात. न वापरत्या बाथरूमच्या जाळीत आठवड्याला तांब्याभर पाणी ओता. जाळीखालच्या वास अडवणाऱ्या भांड्यात, म्हणजे ट्रॅपमध्ये, साधारण ५० मिलिमीटर पाण्याचा पडदा असतो, तो सुकला की घाण वास आणि झुरळं दोन्ही वर येतात. पावसाच्या तोंडावर गच्चीची मोरी आणि पन्हळी साफ करा, पावसाच्या मध्येही एकदा. वरच्या टाकीचं ओव्हरफ्लोचं पाणी भिंतीवरून ओघळत नाही ना ते बघा. विजेच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा खटका, असेल तर त्याचं टेस्टचं बटण दर काही महिन्यांनी दाबा. तो लगेच पडला पाहिजे. पडला नाही तर बदला, आणि मुळात नसेलच तर पडद्यांचं कापड निवडण्याआधी तो बसवून घ्या. साठवणीच्या गीझरमध्ये टाकीऐवजी स्वतः झिजणारा मॅग्नेशियमचा रॉड असतो, सर्व्हिसिंगला आलेल्या माणसाला तो काढून दाखवायला सांगा. पाणी जड असेल तर तो लवकर संपलेला असू शकतो.

घरात बदल करताना

क्रम चुकला की एकच काम दोनदा करावं लागतं. गळती आधी, मग प्लंबिंग आणि वायरिंग, मग प्लास्टर, फरशी, रंग आणि सगळ्यात शेवटी फर्निचर. फर्निचरवाला नेहमी घाईत असतो. त्याला थांबवा.

संडास किंवा बाथरूमची जागा हलवायची हौस असेल तर आधी एक गणित करा. संडासाच्या १०० मिलिमीटरच्या आडव्या पाइपाला साधारण ४० ला १ उतार लागतो. संडास मूळ जागेपासून ४ मीटर लांब नेला तर पाइप १० सेंटिमीटर खाली उतरला पाहिजे, वर पाइपाची स्वतःची जाडी. तेवढी जागा फरशीखाली आहे का? नसेल तर फरशी तेवढी वर उचलावी लागेल आणि बाथरूमला पायरी येईल. वयस्कर माणसं घरात असतील तर ती पायरी रोज नडते. डिझायनरच्या सुंदर नकाशात हे दहा सेंटिमीटर कधी दिसत नाहीत, तेव्हा विचारा. बीम-कॉलमला छिन्नी लावायची नाही, “जरासंच” म्हणूनही नाही.

भिंतीत नवे पाइप घातले की टाइल लागण्याआधी दाबाची चाचणी मागा: नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा, पंप बंद करायचा आणि काटा खाली येतो का बघायचा. प्लंबर कुरकुरेल. करू द्या. मग भिंत बंद व्हायच्या आत प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, पण टेप धरून: पाइप जमिनीपासून किती उंच, कोपऱ्यापासून किती लांब, हे आकडे फोटोत वाचता आले पाहिजेत. मोबाइल बदलतात आणि फोटो हरवतात, म्हणून छापील प्रती प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा, त्याच पाकिटात टाइलचा कंपनी-नंबर आणि रंगाचा कोड. चार-पाच टाइल माळ्यावर जास्तीच्या असू द्या, दुसऱ्या लॉटची टाइल त्याच नंबरची असूनही छटेत फरक पडतो. पुढे कुणाला त्या भिंतीत खिळा ठोकायचा असेल, तर आधी ते पाकीट काढायला सांगा.